रेशो किती ठेवायचा? वाचकांचे प्रश्न, वर्कशॉपमधून उत्तरं

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं: हेडला ग्राइंडिंग मारण्याआधी चेंबरची सीसी मोजून घ्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. जुनी इंजिनं प्रेमाने उघडून बसलेली माणसं पुण्यात इतकी आहेत हे पाहून फार आनंद झाला. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. पंपावरचं पेट्रोल भरून रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कॉम्प्रेशन रेशो किती ठेवायचा? म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देते.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याच्या आतली पोकळी म्हणजे चेंबर, आणि हेड व ब्लॉक यांच्यामधे बसतं ते हेड पॅकिंग. ग्राइंडिंग किंवा फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून थोडा काढणं. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव. पिस्टन अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर जी जागा उरते तिला इथे 'शिल्लक जागा' म्हणू. सिलिंडरची सीसी अधिक शिल्लक जागा, भागिले शिल्लक जागा, म्हणजे रेशो.

नमस्कार ताई. माझ्याकडे १९९८ ची जिप्सी किंग आहे, कार्बोरेटरवाली. इंजिन उघडलंय. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५. चेंबर ३० सीसी भरली, पिस्टनची वाटी ४.५ सीसी. पिस्टन ब्लॉकच्या तोंडापासून ०.२ मिमी खाली राहतो. हेड पॅकिंग दाबल्यावर १.२ मिमी, त्याचं भोक ७५ मिमी. मित्र म्हणतात, ११ कर, गाडी उडेल. ग्राइंडिंगवाला म्हणतो, एक मिमी घेतो, काम होईल. काय करू?
– धायरी

मापं पाठवलीत याबद्दल आधी मनापासून धन्यवाद. अशी मापं हातात असली की अंदाजाने बोलावं लागत नाही.

तुमच्या एका सिलिंडरची सीसी होते ३२४.७. शिल्लक जागा अशी: चेंबर ३०, वाटी ४.५, पॅकिंगच्या भोकातली ५.३ आणि पिस्टन खाली राहतो त्याची ०.९. एकूण ४०.७. म्हणजे आज तुमचा रेशो ९ आहे, अगदी काटेकोर बोलायचं तर ८.९८. इंजिन कोणी आधी कापलेलं दिसत नाही.

आता ११ चं बघा. त्यासाठी शिल्लक जागा ३२.५ सीसी हवी, म्हणजे सव्वाआठ सीसी कमी करायला हवी. एक मिमी ग्राइंडिंगने किती कमी होईल? चेंबर बोअरएवढी पूर्ण गोल आहे असं धरलं तरी ४.३ सीसी. ती तशी नसते, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मित्रांचे ११ आणि ग्राइंडिंगवाल्याचा एक मिमी यांचा मेळच बसत नाही. एक मिमी काढून तुम्ही फार तर ९.९ पर्यंत जाल. तरीही गाडी नॉकिंग (म्हणजे खडखड, त्याबद्दल पुढे सांगते) करेल आणि हेड मात्र कायमचं पातळ झालेलं असेल. काढलेलं अ‍ॅल्युमिनियम परत लावता येत नाही. म्हणूनच या बाबतीत मी इतकी हट्टी आहे.

आधी हे बघू की मिळणार किती. इंजिनाच्या आदर्श गणिताने ९ वरून ११ ला गेलं की कार्यक्षमता साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढते. खऱ्या इंजिनात त्याहून कमी, कारण उष्णता भिंतींतून निघून जाते, रिंगांचं घर्षण वाढतं. म्हणजे साठ-सत्तर हॉर्सपॉवरच्या इंजिनात फार तर तीन-साडेतीन हॉर्सपॉवर. तेही टायमिंग, म्हणजे प्लगने ठिणगी टाकायची वेळ, जिथे हवी तिथे ठेवता आली तर. नॉकिंग टाळायला तुम्ही टायमिंग चार-पाच डिग्री मागे घेतलंत की ती कमाई तिथेच संपते, वर सायलेन्सर तापतो आणि पेट्रोल जास्त जातं ते वेगळं.

नॉकिंग म्हणजे काय ते थोडं नीट सांगते, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला चेंबरमध्ये पसरत जाते. पसरता पसरता ती पुढचं न जळलेलं मिश्रण दाबते, तापवते. कोपऱ्यातलं ते शेवटचं मिश्रण ज्वाला पोचायच्या आधीच आपणहून पेटलं की दाब एकदम उसळतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो तो त्याचा. थोडं थोडं नॉकिंग इंजिन सोसतं. पण घाट चढताना मिनिटामागून मिनिट चाललं की रिंगांमधल्या पिस्टनच्या कडा तुटतात, हेड पॅकिंग उडतं. वर्कशॉपमध्ये असे पिस्टन हातात येतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण मालकाने पैसे खर्चून, हौसेने ते ओढवून घेतलेलं असतं.

आता मी काय करेन ते सांगते. हेडला हात लावणार नाही. फक्त सरळपट्टी टाकून बघेन, वाकलं असेल तर सपाट होण्यापुरतंच घेईन. ०.८ मिमीचं स्टीलच्या पत्र्यांचं पॅकिंग शोधेन. नाना पेठेत चार दुकानं फिरलात तर मिळावं, नाहीतर मागवून घ्या. त्याने शिल्लक जागा ३८.९ होते आणि रेशो ९.३५.

पण माझा जीव त्या पॅकिंगवर आहे तो दुसऱ्या कारणासाठी. पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग वर येताना एकमेकांच्या अगदी जवळ येतात, त्या फटीला स्क्विश म्हणतात. तुमची आज १.४ मिमी आहे. ०.८ च्या पॅकिंगने ती १ मिमीवर येते. फट एवढी अरुंद झाली की तिथलं मिश्रण जोराने मधे ढकललं जातं, जळणं वेगाने होतं. कोपऱ्यात जे थोडं उरतं ते दोन्ही बाजूंच्या धातूमुळे गार राहतं. रेशो वाढूनही नॉकिंग कमी होण्याची ही एक वाट आहे. ०.९ ते १.१ मिमी ही फट रस्त्याच्या गाडीला उत्तम. ०.८ च्या खाली मात्र जाऊ नका, जास्त फेऱ्यांवर कनेक्टिंग रॉड ताणला जातो आणि पिस्टन हेडला टेकू शकतो. फट ही पिस्टनच्या कडेला मोजायची, वाटीत नाही.

कॅमचंही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याचंही, बघावं लागतं. कागदावरचा रेशो पिस्टन अगदी तळापासून हवा दाबतो असं धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात इनटेक व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत दाब चढतच नाही. व्हॉल्व्ह तळानंतर ४५ डिग्रीला बंद होत असेल तर स्ट्रोकचा साधारण ८९ टक्के भाग कामी येतो. ६५ डिग्रीला होत असेल तर जेमतेम ७८ टक्के. तुमच्या ३८.९ सीसीवर पहिल्या कॅमने हा खरा रेशो साधारण ८.४५ येतो, दुसऱ्याने साडेसात. पंपाच्या पेट्रोलवर हा आकडा आठ ते साडेआठच्या दरम्यान असावा असा जुन्या जाणत्यांचा ठोकताळा आहे. मलाही तो पटतो. मूळ कॅम ठेवणार असाल तर तुम्ही नेमके वरच्या टोकाला आहात. रेसिंगचा कॅम टाकणारे लोक रेशो वाढवतात तो उगाच नाही, पण त्यांची गाडी लक्ष्मी रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चालते हेही खरं.

पुढे कधी हेड घ्यावंच लागलं तर किती घ्यायचं हे मोजायची एक पद्धत देते. हेड उलटं ठेवून लेव्हल करा. व्हॉल्व्हना ग्रीस, प्लग लावलेला. ब्युरेटने (सीसीच्या खुणा असलेली काचेची नळी) रॉकेल सोडून चेंबर ३० ऐवजी २८ सीसीपर्यंतच भरा, म्हणजे काठोकाठ येणार नाही. आता द्रवाची पातळी काठापासून किती खाली आहे ते डेप्थ गेजने मोजा. तेवढं ग्राइंडिंग केलं की चेंबर २८ ची होते. ब्युरेट प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते. रॉकेल मिळत नसेल तर गिअरचं लाल पातळ तेल चालतं. हेड खाली आलं की कॅम थोडा मागे पडतो, कारण तुमचं इंजिन बेल्टवालं आहे. आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. या दोन्ही गोष्टी प्लॅस्टिसिन लावून, हाताने इंजिन फिरवून तपासल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

इंजिन बसवून झाल्यावर त्याची परीक्षा पुण्यात घेऊ नका. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहोत. हवेचा दाब इथे सहा टक्क्यांनी कमी, म्हणून सिलिंडर तेवढा कमी भरतो आणि नॉकिंग लपून राहतं. कात्रजचा घाट गाडी शांतपणे चढते, मालक खूश होतो, मग मे महिन्यात कोकणातून येताना खोपोलीला तीच गाडी खडखडायला लागते. खोपोली जवळजवळ समुद्रसपाटीला. तिथून जुन्या रस्त्याने शिंग्रोबापर्यंतचा चढ, गाडीत चार माणसं, दुपारचं ऊन, आणि मुद्दाम एक गिअर वरचा ठेवून कमी फेऱ्यांवर निम्मा-पाऊण ॲक्सिलरेटर. खिडक्या खाली, रेडिओ बंद. तिथे आवाज आला नाही तर टायमिंग बरोबर. आला तर दोन डिग्री मागे घ्या आणि पुन्हा चढा. परत आल्यावर प्लग काढून चिनी मातीवर भिंगाने बघा. मिठाच्या कणांएवढे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे, कानाला ऐकू आलं नसलं तरी.

गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन गेज लावलं, चारही सिलिंडरवर १६८ आलं. मॅन्युअलमध्ये १८० लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो इंजिन बसलंय, आणि रेशो वाढवून दाब परत आणता येईल. खरं का?
– चिंचवड

नाही, कृपया असं करू नका. तुमचं इंजिन ठणठणीत आहे.

मॅन्युअलमधले आकडे समुद्रसपाटीजवळचे. तिथे १८० देणारं इंजिन पुण्याच्या हवेत साधारण १६८ च देईल, सहा टक्के पातळ हवेचा एवढाच हिशेब आहे. चारही सिलिंडर सारखे आलेत यातच सगळं आलं. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले असते तर एखाद-दुसरा सिलिंडर मागे पडला असता. तरी शंका असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा गेज लावा. आकडा झटकन वर गेला तर रिंगा झिजल्यात, नाही गेला तर तिथे काही बिघाड नाही. आणि गेज लावताना सगळे प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली हवी. यातलं एक जरी चुकलं तरी आकडा खोटा येतो.

गेजच्या आकड्यावरून रेशो काढता येत नाही. इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो, स्टार्टर किती वेगाने फिरवतो, इंजिन गरम आहे का, सगळं त्यात मिसळलेलं असतं. रेशो ही जागेची मोजणी आहे, ती सीसीनेच होते. झिजलेल्या इंजिनाचा दाब रेशो वाढवून भरून काढणं हा उपाय नाही. झिजलेल्या रिंगांतून तेल वर येतं आणि तेल चेंबरमध्ये आलं की पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला टिकून राहण्याची क्षमता, खाली जाते. नॉकिंग आणखी लवकर येतं.

नमस्कार. माझी प्रीमियर पद्मिनी १९८४ ची, वडिलांनी घेतलेली. हेड तीन वेळा गरम होऊन फेसिंग झालं. आता दिवे घाटात खडखडते. मुलाने तुमचं वाचून सिरिंजने मोजलं, शिल्लक जागा ३२ सीसी भरली. टायमिंग मागे घेतलं तर गाडीत जीव राहत नाही. गाडी विकायची नाही.
– सदाशिव पेठ

काका, गाडी विकायची वेळ मुळीच आलेली नाही. मुलाचं कौतुक करा, त्याने दुखणं बरोबर पकडलंय.

तुमचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८, स्ट्रोक ७५, म्हणजे एका सिलिंडरला २७२.४ सीसी. शिल्लक ३२ धरली तर रेशो ९.५. ज्या काळात हे इंजिन रचलं गेलं त्या काळच्या पेट्रोलवर हा आकडा कुणी स्वप्नातही ठेवला नसता. प्रत्येक वेळी हेड सपाट करताना थोडी जागा गेली आणि ते कुणीच लिहून ठेवलं नाही. हे फक्त तुमच्याच बाबतीत घडलंय असं नाही. फेसिंग करून देणाऱ्याने किती घेतलं ते हेडच्या कडेला कोरून ठेवावं, ही माझी आमच्या व्यवसायातल्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

लोक तुम्हाला जाड पॅकिंग सुचवतील. एक मिमी जाड टाकलं तर साधारण पावणेचार सीसी जागा वाढते आणि रेशो ८.६ वर येतो, हिशेब बरोबर आहे. पण वर जिप्सीच्या उत्तरात स्क्विशबद्दल लिहिलंय ते इथे उलटं होतं: फट वाढते, कोपऱ्यातलं मिश्रण आळसटतं. रेशो कमी होऊनही आवाज अपेक्षेएवढा कमी होत नाही. तात्पुरतं म्हणून ठीक, कायमचं म्हणून नाही.

माझा सल्ला असा. पहिल्यांदा हेड खोलून कार्बन काढा. थोड्या थोड्या अंतराच्या शहरातल्या फेऱ्यांनी पिस्टनवर आणि चेंबरमध्ये जो थर बसतो तो जागाही खातो आणि तापून लालही होतो. मग शिल्लक जागा पुन्हा मोजा, ३२ ची ३३ झालेली दिसली तर नवल नाही. दुसरं, चेंबरच्या आतल्या धारदार कडा, प्लगच्या भोकाभोवतीच्या, व्हॉल्व्हच्या आजूबाजूच्या, बारीक दगडाने गोल करून घ्या. त्याने एखादी सीसीही मिळते आणि तापणाऱ्या कडाही जातात. चारही चेंबर सारख्या भरल्या पाहिजेत. तिसरं, कमी फेसिंग झालेलं दुसरं हेड मिळतं का बघा. जुन्या बाजारात नशिबाने मिळतं, पण जुन्या फियाटवाल्यांची आपसात ओळख असते, तिथे जास्त लवकर मिळेल. विकत घेण्याआधी जाडी मोजा आणि पाण्याच्या वाटा खाल्लेल्या नाहीत ना ते बघा. रेशो ८.३ ते ८.७ च्या मधे आणा. त्यात गाडी दिवे घाटात गप्प राहील आणि टायमिंग मूळ जागी ठेवता येईल. जीव परत येतो तो टायमिंगमुळे.

बोअर करायची वेळ आली असेल तर ध्यानात ठेवा, अर्धा मिमी वरचा पिस्टन टाकला की सिलिंडर २७६.४ सीसीचा होतो, शिल्लक तेवढीच राहिली तर रेशो आणखी वर जातो. म्हणून नवीन पिस्टन आधी आणायचे, त्यांचा माथा मूळसारखा आहे का ते बघायचं, मगच ब्लॉक मशीनवर चढवायचा.

आणखी एक. तीन वेळा हेड गरम झालं म्हणजे मूळ रोग पाण्याचा आहे. रेडिएटर आतून साफ करून घ्या, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट बघा. गरम हेड कोणत्याही रेशोला नॉकिंग करतं.

पंपावर आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. त्याचं ऑक्टेन जास्त, मग रेशो वाढवायला हरकत काय? इंटरनेटवर अमेरिकन लोक '९३ वर ११ चालतो' म्हणतात. आपल्याकडे १०० ऑक्टेनही मिळतं.
– बाणेर

तीन प्रश्न आहेत, एकेक घेऊ.

अमेरिकन पंपावरचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून बघू नका. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. दोन्ही एकाच प्रकारच्या एका सिलिंडरच्या चाचणी इंजिनावर होतात, चालू असतानाच त्याचा रेशो कमी-जास्त करता येतो. एकीत इंजिन ६०० फेऱ्यांवर, सौम्य हवेत. दुसरीत ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. आपल्याकडे पहिल्या पद्धतीचा आकडा लिहितात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. त्यांचं साधं ८७ म्हणजे आपल्या मोजणीत ९१ च्या आसपास, आणि त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९७-९८. तो माणूस खोटं बोलत नाही, त्याच्या टाकीत वेगळं पेट्रोल आहे.

ई-२० चं म्हणाल तर इथेनॉलचं ऑक्टेन खरोखर जास्त आहे, ते चेंबरमध्ये जाताना मिश्रण गारही करतं. ई-२० च्या भारतीय मानकात किमान ९५ धरलंय, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचं ९१ होतं. ही चांगली गोष्ट आहे. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ती जशीच्या तशी हाती लागत नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तेच ठेवलं की मिश्रण पातळ पडतं, इंजिन घाटात तापतं, झटके देतं. आधी मेन जेट एक-दोन नंबरांनी मोठा करा, मग रेशोचं बोला. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी जास्त साठलं तर इथेनॉल त्याच्यासोबत तळाला बसतं आणि वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन उतरतं. तुम्ही ९५ समजून रचलेल्या इंजिनाला ते मिळतं. म्हणून नॉक सेन्सर नसलेल्या गाडीला मी अजूनही ९१ धरूनच रेशो ठरवते. वरचे चार आकडे उन्हाळ्यातल्या घाटासाठी राखीव.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात ज्या दहा शहरांत आलं त्यात पुणं होतं. चांगलं पेट्रोल आहे. पण तुमची गाडी चिपळूणला, महाडला, अंबाजोगाईला जाणार असेल तर तिथल्या पंपावर जे मिळतं त्यावर ती चालली पाहिजे. इंजिन सगळ्यात साध्या पेट्रोलसाठी बांधा आणि महागडं पेट्रोल हौस म्हणून भरा, उलट नको. आणि मूळ ९ रेशोच्या गाडीला ते भरून पिकअप वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉकिंगला टिकून राहण्याची क्षमता.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२१ च्या साध्या स्विफ्टचं १.२ ड्युअलजेट इंजिन १२ रेशोवर साध्या पेट्रोलवर चालतं, माझदाने तर २०११ च्या सुमारास १४ केला. मग माझ्या झेनला १० सुद्धा का नाही?
– शिवाजीनगर

हा प्रश्न तू विचारलास याचा मला फार आनंद झाला, कारण उत्तरात तुझ्या अभ्यासक्रमाचे दोन-तीन विषय एकत्र येतात.

त्या इंजिनांनी नॉकिंगशी लढायची हत्यारं बरोबर आणलेली आहेत. नॉक सेन्सर प्रत्येक स्फोट ऐकतो आणि कॉम्प्युटर त्याच क्षणी टायमिंग मागे घेतो, मग हळूहळू पुढे आणत राहतो. गार केलेला एक्झॉस्टचा थोडा वायू परत आत घेऊन ज्वाला थंड ठेवतात. पिस्टनला खालून तेलाची धार मारून गार करतात. चालू इंजिनात कॅम मागेपुढे करता येत असल्यामुळे इनटेक उशिरा बंद करता येतो, म्हणजे कागदावर १२ असून दाबताना रेशो बराच कमी असतो. माझदाच्या १४ मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथेच उडून ते हवा गार करतं, आणि एक्झॉस्टचे लांब नळ जळालेला गरम वायू परत शिरू देत नाहीत. यातलं तुझ्या झेनमध्ये काय आहे ते एकेक करून तपास. ९.५ पर्यंत जा, स्क्विश नीट बसव, टायमिंग स्वतः लावायला शिक. दहाच्या हट्टापायी त्या छान छोट्या इंजिनाचा बळी देऊ नकोस.

आणि एक गणित स्वतः कर. आदर्श कार्यक्षमता म्हणजे १ वजा, रेशोचा ०.४ घात करून त्याचा व्यस्त. ८ वरून ९ ला साधारण साडेतीन टक्के मिळतात, ११ वरून १२ ला जेमतेम दोन. वर वर जाताना प्रत्येक पायरी कमी देते आणि जास्त मागते. वेताळ टेकडीच्या कडेला एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, तुमच्या विभागाची भेट तिथे निघाली तर इंजिन टेस्ट सेलमध्ये दाबाचा आलेख नक्की बघ. नॉकिंगचे दात त्या रेषेवर दिसतात ते एकदा पाहिले की विसरत नाहीत.

गाडीला सीएनजी लावलाय. सीएनजीचं ऑक्टेन १२० च्या वर म्हणतात. रेशो १२ करू?
– हडपसर

नुसत्या सीएनजीवर चालणारं इंजिन असतं तर विचार केला असता. तुमची गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि रांग मोठी दिसली की तुम्ही पेट्रोलवरच घरी येता. रेशो कमकुवत इंधनाच्या हिशेबाने ठरतो. मूळ आहे तोच ठेवा. सीएनजीसाठी वेगळं टायमिंग देणारा ॲडव्हान्सर लावून घ्या. गॅस हळू जळतो, त्याला ठिणगी आधी लागते.

ऑक्टेन बूस्टरची बाटली टाकली तर वाढवलेला रेशो चालेल का? आमच्याकडे पूर्वी डांबराच्या गोळ्या टाकायचे.
– येरवडा

बाटलीवर 'इतके पॉइंट वाढतात' असं लिहिलेलं असतं, त्यातला एक पॉइंट म्हणजे बहुतेक वेळा ऑक्टेनचा दहावा भाग. तीस पॉइंट म्हणजे ९१ चे ९४. काहींमध्ये मँगेनीज किंवा लोखंडाचं संयुग असतं, प्लगवर तांबूस थर बसतो आणि प्लग चुकायला लागतो. एखाद्या प्रवासात खराब पेट्रोल मिळालं तर एक बाटली टाका, रोजच्या भरवशावर इंजिन रचू नका. डांबरगोळ्या अजिबात नकोत. आजच्या पेट्रोलचं ऑक्टेन त्यांच्यापेक्षा कमी नाही, आणि पेट्रोल उडून गेलं की गोळीचे खडे जेटमध्ये बसतात. त्या बाटल्यांच्या पैशात टायमिंग लाइट येतो. तो घ्या, पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावा आणि पुलीवरची खूण पांढऱ्या रंगाने रंगवून घ्या, म्हणजे उन्हातही दिसते.